जपमाळ घेताय? मणी नंतर बघा, आधी दोरा बघा

नव्याने मंत्रजपाला बसणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: रुद्राक्षाची घेऊ की तुळशीची? प्रश्न बरोबर आहे, पण तो दुसऱ्या नंबरचा. माळ पंधरा मिनिटं हातात सुखाने फिरते की दर चार मण्यांनी अडते, हे मण्याच्या जातीवर कमी आणि दोरा, गाठी, भोक, माप यांवर जास्त ठरतं. अडणाऱ्या माळेचा पहिला फटका श्वासाला बसतो. मणी सरकला नाही की बोटं जोर लावतात, जोर लावताना श्वास नकळत धरला जातो आणि मंत्राची लय तिथेच मोडते. म्हणून लाकडी, तुळस, रुद्राक्ष, स्फटिक, बोटातला डिजिटल काउंटर आणि फोनमधलं अ‍ॅप या सगळ्यांना इथे एकच कसोटी लावली आहे: जप चालू असताना श्वास मोकळा राहतो का?

आधी दोरा. माळा दोन प्रकारे ओवतात, गाठींच्या आणि बिनगाठींच्या. बिनगाठींची माळ हातात आली की सगळे मणी एका बाजूला सरकवा. मेरूजवळ, म्हणजे माळेच्या टोकाच्या, मोजणीत न धरायच्या मण्याजवळ, साधारण दोन-तीन मण्यांएवढा दोरा उघडा राहिला पाहिजे. त्याहून कमी राहिला तर मणी ओढायला जागाच नाही. जास्त राहिला तर एकाऐवजी दोन मणी घसरतात आणि मोजणी गडबडते. गाठींच्या माळेत गाठ भोकापेक्षा मोठी हवी, नाहीतर ती मण्यात घुसून बसते आणि मणी जिथल्या तिथे फिरत राहतो. नवशिक्याने गाठींचीच घ्यावी. मणी एकमेकांवर घासत नाहीत, अंगठ्याला प्रत्येक मणी वेगळा कळतो, आणि दोरा तुटलाच तर मणी घरभर पळत नाहीत. इलॅस्टिकवर ओवलेली माळ मात्र सरळ परत ठेवा. ओढलेला मणी मागे येतो, अंगठा पुन्हा ओढतो, आणि जप राहतो बाजूला. अशा माळा मनगटात मिरवायला ठीक आहेत.

दुकानातच मणी मोजा. हे सांगायला विचित्र वाटतं, पण मेरू सोडून 107 किंवा 109 मणी भरणाऱ्या माळाही विकल्या जातात. 108 मणी आणि वेगळा मेरुमणी, असे एकूण 109 भरले पाहिजेत.

मग माप. 8 मिमीचे 108 मणी म्हणजे गाठी सोडून जवळपास 86 सेंटिमीटर, गाठी धरून मीटरभर. ही माळ छातीशी धरली तर निम्मी, म्हणजे अर्धा मीटर खाली लोंबते आणि मांडी घालून बसल्यावर मांडीवर विसावते. 10 मिमीच्या मण्यांची गाठींची माळ जमिनीला टेकू लागते, तिचं ओझं बोटावर येतं आणि दहा मिनिटांत खांदा पुढे झुकतो. 6 मिमीची माळ नाजूक, दिसायला सुरेख. पण जाड बोटांच्या माणसाला तिचे मणी एकेक वेगळे लागत नाहीत. बहुतेकांना 7 ते 8 मिमी बरोबर बसतं.

साध्या लाकडी मण्यांची माळ ही सुरुवातीला सगळ्यात बिनतक्रार. वजन जेमतेम वीस-पंचवीस ग्रॅम, पृष्ठभाग ना खडबडीत ना निसरडा. फक्त रंगवलेली घेऊ नका. ओल्या पांढऱ्या फडक्याने दोन मणी घासून पाहा. फडक्याला जे लागेल तेच घामाने बोटाला लागणार. चंदनाच्या नावाखाली बऱ्याचदा वास लावलेलं दुसरंच लाकूड असतं. वास उडाल्यावर ती साधी लाकडी माळ उरते आणि ती वाईट नसते, फसवणूक काय ती नावाची. तुळशीचे मणी हलके आणि मऊ, पण हाताने कातलेले असल्याने भोक मधोमध नसणं हा त्यांचा नेहमीचा दोष. असा मणी एका बाजूला झुकतो आणि त्याची धार बोटाला लागते. वीस-पंचवीस मणी बोटातून फिरवून पाहिले की लगेच कळतं.

रुद्राक्षाची पकड सर्वांत चांगली. घामेजल्या हातातूनही मणी निसटत नाही. पण पहिले काही दिवस खडबडीतपणा अंगठ्याला टोचतो, आणि सलग तीन-चार माळा केल्या तर कातडी हुळहुळते. पाचमुखी, म्हणजे पाच रेघांचा, रुद्राक्ष मुबलक मिळतो, जपाला तोच पुरेसा. पाण्यात बुडला तर खरा, तरंगला तर खोटा, ही परीक्षा विसरून जा. वाळलेला हलका खरा दाणा तरंगतो आणि वजन भरलेला नकली बुडतो. रेघा या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग जातात का आणि मधला खडबडीतपणा नैसर्गिक वाटतो का, हे पाहणं त्यापेक्षा कामाचं.

स्फटिकाची माळ देखणी असते, हाताला गार लागते, आणि नवशिक्यासाठी ती शेवटची निवड. 8 मिमीच्या माळेचं वजन सत्तर ग्रॅमच्या पुढे जातं आणि मणी निसरडे असतात. भोकाची कड गुळगुळीत केलेली नसेल तर ती सुती दोरा हळूहळू कापत राहते. घ्यायचीच असेल तर रेशमी दोऱ्यात, प्रत्येक मण्यामागे गाठ मारलेली घ्या. माळेसोबत ‘सिद्ध केलेली’ असं सांगणारा कागद येतो. त्याने गाठ घट्ट होत नाही.

आता वापर, कारण चांगली माळही चुकीच्या हाताने वाईट वाटते. माळ उजव्या हाताच्या मधल्या बोटावर टांगायची, तर्जनी लांब ठेवायची, आणि अंगठ्याने मणी स्वतःकडे ओढायचा. तर्जनी का नको याची परंपरेत वेगळी कारणं आहेत. व्यवहारातलं कारण एवढंच की ती मध्ये आली की माळ चिमटीत धरली जाते आणि मणी अडतो. मेरूपाशी आल्यावर तो ओलांडायचा नाही. शेवटचा मणी अंगठा आणि मधल्या बोटात धरून माळ उलटी फिरवायची, म्हणजे शेवटचा मणी पहिला होतो. हे वळण एका हाताने जमायला आठवडाभर लागतो. तोवर डावा हात मदतीला येतोच.

खरी गफलत होते ती मणी आणि श्वास यांच्या जोडणीत. बरेच जण श्वास आत घेतानाही मंत्र उच्चारायला जातात, वेग वाढतो, आवाज चढतो, श्वास भराभर होतो. थोड्या वेळाने डोकं हलकं होतं, ओठांना आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. काहींना ही प्रगती वाटते. प्रत्यक्षात जादा श्वसनाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटलेला असतो. उपाय एकच, उच्चार थांबवून श्वास आपसूक शांत होऊ द्यायचा. बरोबर क्रम असा: मंत्र बाहेर जाणाऱ्या श्वासावर, आणि मणी ओढायचा तो मंत्र संपल्यावर, आत येणाऱ्या श्वासात. बोटाची हालचाल श्वास आत येण्याच्या वेळेत बसली की दोन्हींना घाई उरत नाही.

ॐकार घ्या. चार सेकंद श्वास आत, सहा सेकंद उच्चार, म्हणजे मण्याला दहा सेकंद. पूर्ण माळेला 18 मिनिटं लागतात. पहिल्या दिवशी ती फार होतात, म्हणून 27 मण्यांची स्मरणी ही सुरुवातीची सर्वांत शहाणी खरेदी. साडेचार मिनिटांत एक फेरी, चार फेऱ्यांत 108. मिनिटाला सहा श्वासांची ही गती उगाच निवडलेली नाही. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 2001 साली आलेल्या, 23 निरोगी माणसांवरच्या एका अभ्यासात ‘ॐ मणि पद्मे हुं’ आणि लॅटिनमधली ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना, दोन्हींनी श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आणला होता. मंत्र वेगळे, धर्म वेगळे, लांबी मात्र एका श्वासात मावणारी. गायत्रीसारखा 24 अक्षरांचा मंत्र एका उच्छ्वासात दामटू नये. दोन किंवा तीन ठिकाणी थांबून म्हणावा.

मोजणीला योगग्रंथांत मान आहे. पतंजलींच्या योगसूत्रांतल्या दुसऱ्या पादातलं 50वं सूत्र प्राणायाम देश (म्हणजे जागा), काल आणि संख्या यांनी पाहायला सांगतं. हठयोगाचे ग्रंथ तर दिवसरात्रीचे श्वास 21,600 धरतात, म्हणजे मिनिटाला 15, आणि प्रत्येक श्वासाला ‘सोऽहम्’ मानून त्याला अजपा जप म्हणतात. माळेच्या हिशेबात नेमक्या दोनशे माळा, हातात काहीही न धरता! पण पहिल्या पादातलं 28वं सूत्र, तज्जपस्तदर्थभावनम्, जपाला अर्थाची भावना जोडतं. संख्या दिसू लागली आणि अर्थ दिसेनासा झाला की साधन बदलायची वेळ आली असं समजावं.

याच जागी डिजिटल काउंटर नापास होतो. बटण दाबायला अंगठ्याला प्रत्येक वेळी थोडा जोर लागतो, टिक असा आवाज येतो, आणि आकडा डोळ्यांसमोर असतो. 83 दिसले की 100 गाठायची घाई सुटते. शून्यावर नेणारं बटण शेजारीच असेल तर तेही चुकून दाबलं जातं. चालताना मानस, म्हणजे मनातल्या मनात, जप करणाऱ्याला मात्र तो सोयीचा आहे, तेवढं त्याला द्यायला हवं. फोनमधल्या अ‍ॅपबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. मेसेज येणाऱ्या यंत्रावर मन एकाग्र करायला सांगणं हा उलटा कारभार आहे. वेळ संपल्याची घंटा म्हणून फोन लांब ठेवून वापरा.

एक गोष्ट कुठल्याच माळेसोबत सांगितली जात नाही: अनुलोम-विलोमाला माळ चालत नाही. उजवा हात नाकपुड्यांवर असतो, मग माळ डाव्या हातात जाते आणि दोन्हीकडे लक्ष फाटतं. तिथे डाव्या हाताची बोटं पुरतात. चार बोटांची प्रत्येकी तीन पेरं, अंगठ्याने मोजली की बारा आवर्तनं. सुरुवातीला एवढी भरपूर झाली, तीही श्वास न रोखता. उच्च रक्तदाब असलेल्यांनी आणि गर्भवतींनी कुंभक (श्वास रोखणं) आणि भस्त्रिका (जोराने भराभर श्वास घेणं-सोडणं) यांच्या वाटेला जाऊ नये, मग माळ कितीही चांगली असो.

देखभाल थोडकी आहे. लाकडी आणि तुळशीची माळ पाण्यात भिजवू नका. मणी फुगतात आणि दोऱ्याला आवळतात. रुद्राक्षाच्या खाचांत साचलेला मळ जुन्या दातांच्या ब्रशने कोरडाच काढा, मग वर्षातून एक-दोनदा तेलाचं बोट. दोरा मेरूजवळ सर्वांत आधी झिजतो, कारण वळवताना ताण तिथेच येतो. मेरूच्या दोन्ही बाजूंच्या गाठींपाशी दोऱ्याचे तंतू सुटलेले दिसले की तुटायची वाट न पाहता माळ नव्याने ओवून घ्या, आणि ओवून आली की पुन्हा एकदा मणी मोजा.