तीन उंचींचा ओटा: काही महिने रोज स्वयंपाक केल्यानंतर

स्वयंपाकघराचं काम काढलं तेव्हा ठेकेदाराने ओट्याचं नेहमीचं माप सांगितलं, 34 इंच, सगळीकडे एकसारखं. आम्ही त्याऐवजी तीन मापं घेतली: मळण्याची जागा 29 इंच, गॅसची 31 आणि सिंकची 35. माझी उंची पाच फूट एक इंच. काही महिने रोज दोन्ही वेळचा स्वयंपाक याच ओट्यावर झाला आहे, म्हणून हे सविस्तर लिहिते.

सगळ्यात मोठा फरक भाकरीत पडला. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो. गरम पाण्याने ते उकडीसारखं बांधायचं आणि मग तळहाताच्या टाचेने चांगलं रगडायचं, तरच थापताना कडा चिरत नाहीत. हा जोर मनगटातून येत नाही, खांद्यातून येतो. आजी जमिनीवर काठवट घेऊन बसायची, तेव्हा तिचं सगळं वजन पिठावर पडायचं. 34 इंची ओट्यावर परात ठेवली की कोपर वर उचललं जातं आणि जोर हवेत जातो. 29 इंचांवर हात सरळ राहतो, उंडा मऊ होतो, भाकरी पातळ थापली जाते आणि तव्यावर पापुद्रा धरते. पीठ ताजं हवंच, विरी, म्हणजे बांधून राहण्याची ताकद, गेलेल्या पिठाला ओटा काय करणार! पण आमच्याकडे रविवारपुरती उरलेली मालदांडी ज्वारीची भाकरी आता रात्रीच्या जेवणात रोज असते. पिठलं, ठेचा, लसणाची चटणी हेही तिच्यामागून परत आले. घर नव्याने करताना टाइल्सचे रंग निवडण्यात आठवडे जातात. घरात काय शिजणार हे त्याहून जास्त या पाच इंचांवर ठरतं, असं माझं ठाम मत झालं आहे.

गॅसचं गणित वेगळं आहे. शेगडीची उंची, त्यावर कढई किंवा कुकर, म्हणजे भांड्याचा काठ ओट्याच्या बराच वर जातो. 31 इंचांमुळे कढईच्या तळाशी मोहरी तडतडताना दिसते, पुरणाला हाटताना खांदा भरून येत नाही. सिंक याच्या उलट. आमचं आठ इंच खोल आहे, भांडी तळाशी असतात, म्हणून तो भाग उंच हवा. आमच्याकडे भांडी घासायचं काम नवऱ्याकडे आहे, तो माझ्यापेक्षा बराच उंच, आणि त्याचं कंबर धरणं थांबलं.

वर काळा ग्रॅनाइट आहे, खालच्या फळ्यांना कडप्पा. कडप्पा स्वस्त आणि मजबूत, पण तो चुनखडीचा दगड. लिंबू, चिंच, कोकम सांडलं की पांढुरके डाग पडतात, आणि ते पुसून जात नाहीत. आमटी-सोलकढीच्या घरात तो वर लावू नये.

आता गैरसोयी. उंची जिथे बदलते त्या कोपऱ्यात पीठ साचतं, तिथे फडकं नीट पोहोचत नाही, जुन्या दातघासणीने काढावं लागतं. बुटक्या भागाखालच्या ट्रॉल्यांत उंच डबे मावत नाहीत. आम्ही तिथे फक्त ताटं आणि लाटणी-पोळपाट ठेवतो. सिलिंडरची जागा आधीच सिंकच्या बाजूला आखून घ्या. तीन स्वतंत्र तुकड्यांमुळे दगडाचा आणि कडा गोल करण्याचा खर्चही वाढला.

एक फायदा आधी लक्षात आला नव्हता. बुटक्या भागाशी स्टूल घेऊन सासूबाई मेथी निवडतात, लसूण सोलतात. गुडघ्यांमुळे त्यांनी स्वयंपाकघरात येणं जवळजवळ सोडलं होतं. आता त्या तिथे बसून माझी फोडणी करपायच्या आत आवाज देतात.

माप घेताना घरातल्या चपला घालून उभं राहा, कोपर काटकोनात वाकवा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा. चिराचिरीसाठी त्यातून चारेक इंच वजा करा, मळण्या-थापण्यासाठी आठ-नऊ. पक्कं करण्याआधी त्या उंचीच्या टेबलावर परात ठेवून दोन-तीन भाकऱ्या थापून पाहा.