मांजरीला औषध: खाण्यातून, हाताने की सिरिंजने?

मांजरीला औषध कसं द्यायचं हे बहुतेक जण तिच्या स्वभावावरून ठरवतात. माझ्या मते आधी औषध बघावं. ते कडू आहे का, कुटलं तर चालतं का आणि किती दिवस द्यायचंय? जंताची गोळी एकदा दिली की तेवढ्यापुरतं काम झालं. अँटिबायोटिक पाच-सात दिवसांचं. एफआयपीचा (मांजरींना कोरोना विषाणूमुळे होणारा जीवघेणा आजार) कोर्स मात्र साधारण 84 दिवसांचा, आणि थायरॉइडची गोळी बऱ्याचदा जन्मभराची. एक दिवसाची जबरदस्ती मांजर विसरते. रोजची झाली, की स्ट्रिपचा आवाज आल्याबरोबर ती दिवाणाखाली जाऊन बसते.

पहिला मार्ग खाण्यातून. गोळीला फारशी चव नसेल आणि मांजर नीट खात असेल, तर यासारखं सुख नाही. पण अख्ख्या वाटीत औषध कालवू नका. ती अर्धं खाऊन निघून जाते आणि किती पोटात गेलं ते कोणालाच कळत नाही. शिवाय त्या खाण्याचाच तिला वीट येतो. हे साधं प्रकरण नाही: दोन-तीन दिवस पोटात काहीच गेलं नाही, तर मांजरीच्या लिव्हरमध्ये चरबी साठून जिवावर बेतू शकतं, लठ्ठ मांजरीच्या तर जास्तच. त्यापेक्षा तिला भूक लागलेली असताना तीन छोटे घास करा. पहिला साधा, दुसऱ्यात गोळी, तिसरा लगेच नाकासमोर. मीठ-मसाल्याशिवाय उकडलेलं चिकन किंवा नळीतली क्रीमी ट्रीट चालते, आणि घास किंचित कोमट असला की वासावर ती लवकर येते. सावजी रस्सा शिजतोय म्हणून त्यातला तुकडा मात्र नको, कांदा-लसूण मांजरीच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो. डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक असेल तर दूध-दहीही नको, कॅल्शियममुळे ते कमी शोषलं जातं.

मेट्रोनिडाझोल दिलं असेल तर हा मार्ग बंदच समजा. ती गोळी कुटली की कडूपणा साऱ्या घासाला लागतो. मांजर मान झटकते, तोंडातून पांढरा फेस येतो, लाळेच्या तारा छातीपर्यंत लोंबतात. बघणाऱ्याला वाटतं विषबाधा झाली. बहुतेक वेळा तो नुसता कडू चवीचा प्रताप असतो. शिवाय वर आवरण असलेल्या किंवा पोटात हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुटायच्याच नसतात.

दुसरा मार्ग हाताने, आणि कडू औषधाच्या छोट्या कोर्ससाठी मी यालाच मत देईन. लोक घाबरतात, पण जमलं तर काही सेकंदांचं काम आहे. मांजरीला ओट्यावर किंवा टेबलावर, तिची पाठ आपल्या पोटाला टेकेल अशी बसवा. नखं मारत असेल तर जुन्या टॉवेलात मानेपर्यंत गुंडाळा. डोकं वरून, दोन्ही गालांच्या हाडांवर अंगठा आणि बोट ठेवून धरा आणि नाक वर करा. दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटानं खालचे पुढचे बारीक दात दाबले की जबडा उघडतो. गोळी जिभेच्या मधोमध, जेवढी मागे ठेवता येईल तेवढी. पुढे ठेवली की ती थुंकलीच म्हणून समजा. तोंड मिटवा, डोकं सरळ करा, गळ्यावरून हात फिरवा. तिनं जीभ काढून नाक चाटलं, की बहुधा गिळली.

इथे बरेच जण थांबतात आणि धोका नेमका तिथेच आहे. कोरडी गोळी मांजरीच्या अन्ननलिकेत अडकून राहते. डॉक्सिसायक्लिन आणि क्लिंडामायसिननं तिथे जखम होऊन नळी अरुंद झाल्याची उदाहरणं आहेत. म्हणून मागोमाग 5-6 मिली पाणी सिरिंजनं थोडं थोडं द्या, किंवा क्रीमी ट्रीट चाटवा. कडू गोळीसाठी जिलेटिनची छोटी रिकामी कॅप्सूल मिळते, डॉक्टर हो म्हणाले तर गोळी तिच्यात भरा. पाणी तरीही द्यायचंच. चावरी मांजर असेल तर मऊ टोकाचा पिल पॉपर (गोळी तोंडात मागे सोडायची नळी) घ्या, बोटं वाचतात.

तिसरा, पातळ औषध. ऐकायला सगळ्यांत सोपं वाटतं, मला तसं वाटत नाही. पिल्लांना आणि अगदी कमी डोस असेल तेव्हा ठीक आहे. मोठ्या मांजरीला दोन-तीन मिली म्हणजे बराच वेळ धरून ठेवणं, आणि बाहेर नेमकं किती सांडलं याचा हिशेब लागत नाही. सांडलं म्हणून अंदाजानं परत देऊ नका. बिनसुईची सिरिंज सुळ्याच्या मागून गालात घाला, अर्धा-अर्धा मिली सोडा, प्रत्येक वेळी गिळू द्या. इथे मात्र डोकं वर करायचं नाही. औषध श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो.

नागपूरकरांना आणखी एक अडचण. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलेनिकचं ड्राय सिरप पाणी घातल्यावर फ्रिजमध्येच ठेवावं लागतं आणि साधारण आठवडाभरच टिकतं. मे महिन्यात पारा 45 ला टेकलेला असताना बाटली गाडीच्या डिकीत किंवा खिडकीत राहिली, तर तिचा भरवसा धरू नका. आणि घरातलं मुलांचं तापाचं सिरप चुकूनही नको. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजरीचा जीव घेऊ शकते.

कोर्स लांबलचक असेल तर खाण्याचाच मार्ग आधी जमवून बघा, हाताची पद्धत अडीनडीला ठेवा. चिठ्ठी घेतानाच विचारा: दिवसातून एकदाच देता येईल असं औषध आहे का, इंजेक्शन चालेल का? पहिला डोस समोरच करून दाखवा, असंही म्हणा. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात जा नाहीतर धरमपेठेतल्या खासगी डॉक्टरांकडे, लाजायचं कारण नाही.

दिल्या दिल्या उलटी झाली तर परत देण्याआधी डॉक्टरांना फोन करा. धरलेली असताना मांजर तोंड उघडून धापा टाकायला लागली, तर तिथेच सोडून द्या. थोड्या वेळात धाप थांबली नाही, तर सरळ दवाखाना गाठा.