सबर्बन बेस की मूव्हिंग शॅडो?

भाच्याचा प्रश्न: "मामा, जुनं ब्रिटिश हार्डकोर ऐकायचंय. पैसे एकाच लेबलपुरते आहेत. कुठलं घेऊ?"

हार्डकोर म्हणजे इथे नव्वदीच्या सुरुवातीचं वेगवान इलेक्ट्रॉनिक नाचाचं संगीत. दोन्ही लेबलं (रेकॉर्ड काढणाऱ्या कंपन्या) साधारण 1990 ची, दोन्ही मध्य लंडनच्या बाहेरची. सबर्बन बेस लंडनच्या पूर्व टोकाच्या, पूर्वी एसेक्समध्ये असलेल्या रॉमफर्डचं, डॅन डोनेलीच्या बूगी टाइम्स या रेकॉर्डच्या दुकानातून निघालेलं. मूव्हिंग शॅडो रॉब प्लेफर्डचं, स्टीव्हनेजचं.

नाचायला सबर्बन बेस. पळते ब्रेकबीट (जुन्या रेकॉर्डमधून कापून घेतलेले ड्रमचे तुकडे), चिरके आवाज, भरपूर खोडसाळपणा. त्यांच्या स्मार्ट ईज या गटाने तर लहान मुलांच्या टीव्ही कार्यक्रमाची धून उचलली आणि 1992 मध्ये ब्रिटिश चार्टवर दुसरा नंबर गाठला! नाकं तेव्हाच मुरडली गेली. मला ते गाणं आजही आवडतं, पण लागोपाठ दोनदा नाही.

टिकाऊपणात मूव्हिंग शॅडो पुढे. सुरुवात त्यांचीही धांगडधिंग्याचीच. प्लेफर्ड स्वतः टू बॅड माइस या गटात होता. पण 1993 च्या सुमारास ऑम्नी ट्रिओ (नावात त्रिकूट, माणूस एकटा: रॉब हेग) आणि फाउल प्ले यांनी त्याच तुटक्या ड्रमवर पियानो आणि सूर पसरले. पुढे गोल्डी या ड्रम अँड बास कलाकाराच्या 1995 च्या पहिल्या अल्बमवर प्लेफर्डचाच हात होता. हार्डकोरमधून निघालेलं जंगल आणि त्यापुढचं ड्रम अँड बास, हा रस्ता इथे पायरीपायरीने ऐकू येतो.

मूळ बारा इंची तबकड्यांच्या नादी लागू नकोस. टपाल आणि कस्टममध्येच खिसा रिकामा होईल.

मित्रांना नाचवायचं असेल तर सबर्बन बेस. रात्री हेडफोन लावून एकट्याने ऐकणार असशील तर मूव्हिंग शॅडो.