मलेरियावरचं आर्टेसुनेट इंजेक्शन: औषधाला पाच स्टार, हॉस्पिटलला तीन

आमचे दाजी तासगावचे, गडचिरोलीला रस्त्याच्या कामावर जेसीबी चालवतात, पण ऋषिपंचमीच्या रथाला काहीही करून घरी येणारच. यंदा आले, दोर ओढला आणि तिसऱ्या दिवशी हुडहुडी भरून पडले. गावातल्या डॉक्टरनी व्हायरल म्हणून सलाईन लावलं, डेंग्यूची टेस्ट निगेटिव्ह आली, परत सलाईन, चार दिवस असेच गेले. कुठनं आलाय हे ना त्यांनी विचारलं ना आम्ही सांगितलं, अर्धी चूक आमचीपण. पाचव्या दिवशी दुपारी डोळे हळदीसारखे, लघवी काळ्या चहासारखी, आणि आक्काला "डिझेल भरलं का गं" विचारायला लागले तेव्हा गाडी काढली ती थेट मिरजेला.

हॉस्पिटलचं नाव टाकत नाही कारण पुढं तक्रार आहे. पण कॅज्युअल्टीत एक पोरगेली आरएमओ मॅडम (ड्युटीवरची डॉक्टर) होती, तिनं नाडी बघता बघताच विचारलं, "गावाबाहेर कुठं जाऊन आलेत का हे?" गडचिरोली म्हणताच मलेरियाचं किट मागवलं, बोटाचा थेंब टाकला, थोड्या वेळात फाल्सिपेरमची, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या मलेरियाची, रेघ आली. स्लाईडवर १०० तांबड्या पेशींत ८ मध्ये जंतू. शुगर ४८. आधी ग्लुकोज दिलं अन् साडेतीनला आर्टेसुनेटचा पहिला डोस.

हे औषध तयार करताना बघण्यासारखं आहे बरं का. बाटली एवढीशी, आत पांढरी पावडर, ६० मिलिग्रॅम. सोबत सोडा-बायकार्बचा छोटा अँप्यूल येतो, तो आधी त्यात सोडायचा, पाणी एकदम नितळ होईस्तोवर हलवायचं, वर सलाईन घालायचं, मग शिरेतनं सावकाश ढकलायचं. डोस वजनावर, किलोला २.४ मिलिग्रॅम, दाजी ६८ किलो म्हणजे तीन बाटल्या फोडायच्या, तिसरीतलं थोडं वाया. मी सिस्टरना म्हटलं एकदम रात्रीचं पण कालवून ठेवा की, तर त्या म्हणाल्या हे ठेवता येत नाही दादा, कालवलं की लगेच द्यायचं. लगेच एक, १२ तासांनी दुसरा, २४ तासांनी तिसरा, मग तोंडानं गोळी घेता येईपर्यंत रोज एक.

आणि इथंच एक स्टार कापला. रात्री दहाला सांगतात की फार्मसीत तीनच बाटल्या होत्या त्या संपल्या, पहाटे साडेतीनच्या आत बाहेरनं आणा. अहो मिशनरी डॉक्टर वॉनलेस साहेबांनी मिरजेत १८९४ ला दवाखाना काढला तेव्हापासनं हे डॉक्टरांचं गाव, आणि मी भर पावसात मोटरसायकलवर मेडिकल हुडकत फिरतोय! तीन ठिकाणी नाही म्हणाले, सांगलीत चौथ्या ठिकाणी मिळालं, नऊच्या नऊ बाटल्या उचलल्या. दुसऱ्या डोसची वेळ गाठली, पण कशी ते माझं मला माहीत.

त्यात आमचे मामा, रिटायर कंपाउंडर, कॉटपाशी उभं राहून "क्विनीन द्या, आमच्या काळी त्याच्यावरच माणसं उठायची" चालूच. क्विनीन म्हणजे मलेरियाचं जुनं औषध. उठायची हे खरं, पण क्विनीनचा पहिला डोस चार तास ड्रिपनं चालतो, कानात घंटा वाजतात आणि मुख्य म्हणजे शुगर पाडतं, आणि आमच्या दाजींची आधीच ४८. नंतर मी वाचलं, २००५ मध्ये बांगलादेश, म्यानमार, भारत अन् इंडोनेशियातल्या पेशंटवर दोन्ही औषधांची तुलना छापून आली, क्विनीनवर १०० तले २२ दगावले, आर्टेसुनेटवर १५. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्या माणसांसाठी हेच पहिलं औषध ठरवलं. मामांना दाखवलं तर म्हणतात चायनाचा माल. औषध मूळ चिनी झाडपाल्यातनंच निघालं म्हणा, आणि झाडातलं ते मूळ द्रव्य काढणाऱ्या बाईंना २०१५ ला नोबेल मिळालं, पण मामांशी कोण वाद घालणार.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दाजींनी आक्काला नावानं हाक मारली. चौथा डोस झाला, तिसऱ्या दिवशी स्लाईड क्लिअर, मग तीन दिवसांच्या एसीटी गोळ्या (मलेरियाची दोन औषधं एकत्र असलेल्या). हा कोर्स चुकवायचा नाही, नुसत्या इंजेक्शनवर सोडलं तर ताप परत येऊ शकतो. बिल बघितलं तर बारा बाटल्यांचे पैसे आयसीयूच्या बेडपुढं चिल्लर. सरकारी दवाखान्यात मलेरियाची तपासणी आणि औषध फुकट असतंय हे आम्हाला उशिरा सुचलं.

दुसरा स्टार कापला तो डिस्चार्जला. कार्डावर "हलका आहार, विश्रांती" एवढंच. घरी फाईल उघडली तर मागच्या पानावर बॉलपेननं तीन तारखा, पुढं "हिमोग्लोबिन", खाली दोन रेघा. आठवड्यानी ११.२ आलं, आम्ही खूश. चौदाव्या दिवशी दाजी म्हणाले बरा आहे की, कशाला सुया, आक्कानं ओढून नेलं, तर ८.१. ताप नाही, जंतू नाही, मग रक्त गेलं कुठं? फोन केला तर त्याच मॅडम भेटल्या. म्हणाल्या औषधानं पेशीतला जंतू मरतो, प्लीहा, म्हणजे पोटातली पानथरी, तेवढा मेलेला जंतू उपटून पेशी परत रक्तात सोडते, पण अशा डागडुजी केलेल्या पेशी फार दिवस टिकत नाहीत, दोनेक आठवड्यांत एकदम फुटायला लागतात. जंतू जास्त असले की हे जास्त होतं, म्हणून चार आठवडे लक्ष ठेवायचं. रक्त चढवायची वेळ आली नाही, अठ्ठाविसाव्या दिवशी १०.६ झालं.

त्या तारखा तिनंच लिहिल्या होत्या, शिफ्ट संपल्यावर, कुणी न सांगता. हॉस्पिटलला दिलेल्या तीनातले दोन स्टार तिचे, उरलेला सिस्टरांचा.