पिरेनीजचं युद्ध (१७९३–९५): पूर्व टोक पाहावं की पश्चिम?

फ्रान्स आणि स्पेन यांच्यातलं हे युद्ध त्यांच्या सीमेवरच्या पिरेनीज डोंगररांगेच्या दोन्ही टोकांना झालं. हाताशी चार-पाचच दिवस असतील तर दोन्ही टोकं होत नाहीत. मध्ये अख्खी डोंगररांग आहे. मी आधी पश्चिमेला गेलो, पुढच्या वर्षी पूर्वेला.

पश्चिम जास्त देखणी, हे मान्यच. बिदासोआ नदीचं मुख, बाझ्तानचं हिरवंगार खोरं, आणि जेवणही तिकडचंच सरस. ६ जून १७९३ला स्पॅनिशांनी जिंकलेल्या शातो-पिन्याँ या फ्रेंच ठाण्याचे अवशेष तर सान्तियागोच्या पायी यात्रेच्या वाटेवरच आहेत.

पण एक गोष्ट मला शेवटपर्यंत सलत राहिली. मी १७९४ शोधत होतो आणि समोर येत होतं १८१३, म्हणजे नेपोलियनविरुद्धचं नंतरचं युद्ध. सान मार्सियालची टेकडी १ ऑगस्ट १७९४ला फ्रेंचांनी घेतली. तिथे चढलो, तर आठवण जपलेली १५२२ आणि १८१३च्या, फ्रेंचांवरच्या विजयांची. सान सेबास्तियान तीनच दिवसांनी पडलं. पण जुन्या शहरातल्या रस्त्याचं नाव आहे '३१ ऑगस्ट', म्हणजे १८१३चा तो दिवस, जेव्हा शहर पेटलं. जळालेलं गाव आपली आग कशी विसरेल? तक्रार नाही. तरी ज्यासाठी गेलो होतो ते युद्ध मला कुठे भेटलंच नाही.

पूर्वेला ल पेर्थुस या सीमेवरच्या गावात दुकानांची आणि गाड्यांची गर्दी आहे, वाराही बोचरा. पण वर बेलगार्द किल्ल्याच्या तटावर उभं राहिलं की नकाशा लागत नाही. उत्तरेला रूसियोंचं मैदान : तिथे त्रुयासला स्पॅनिश सेनापती रिकार्दोस जिंकला, तरी पर्पिन्याँ त्याच्या हाती लागलं नाही. दक्षिणेला फिगेरेसकडे उतरणारी वाट. बेलगार्द जून १७९३ला स्पॅनिशांनी घेतला, आणि सप्टेंबर १७९४ला आतल्या शिबंदीची उपासमार करून फ्रेंचांनी परत मिळवला. दोनच महिन्यांनी याच डोंगरांच्या दक्षिण उतारावर दोन्ही सेनापती पडले : १८ नोव्हेंबरला फ्रेंचांचा द्युगोमिए, २०ला स्पॅनिशांचा ला उनियोन.

त्यानंतर आठवड्याभरात फिगेरेसचा सान्त फेरान हा स्पॅनिश किल्ला सुमारे ९,००० सैनिकांसह शरण गेला. त्याच्या बाहेरच्या तटाचा घेर ३ किलोमीटरहून जास्त आहे. मी तो पायी फिरलो. असा गड लढल्यावाचून गेला, हे त्या दगडांकडे पाहताना पटत नाही. सेनापती गेल्यावर सैन्याचं काय होतं ते मला तिथे समजलं.

चालण्याची आणि हिरवाईची ओढ असेल तर पश्चिमेला खुशाल जा, पस्तावणार नाही. आपल्याकडचे गड पाहत वाढलेल्याने मात्र, माझ्या मते, पर्पिन्याँला मुक्काम करावा आणि सान्त फेरानसाठी अख्खी सकाळ राखून ठेवावी.