सगळं हिरवं दाखवणारा अलाइनमेंट रिपोर्ट खोटा निघाला

गाडी लो केली असेल किंवा करायचा विचार असेल, तर अलाइनमेंटवाल्याच्या, म्हणजे चाकांचे कोन जुळवून देणाऱ्याच्या, हातात पैसे ठेवण्याआधी हे वाचा.

मी गाडी ४० मिलिमीटर खाली घेतली. लो केलं की पुढच्या चाकांचा कॅम्बर, म्हणजे समोरून दिसणारा चाकाचा कल, निगेटिव्हकडे जातो (चाकाचा वरचा भाग आत झुकतो) आणि टो, म्हणजे वरून बघितलं तर चाकाचं तोंड किती आत-बाहेर वळलंय ते, हलतो, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणूनच स्प्रिंग टाकून गाडी तशीच पळवली नाही. पुढच्या चाकांना कॅम्बर बोल्ट (मूळ बोल्टच्या जागी टाकले की कॅम्बर फिरवता येतो) आणि मग फोर व्हील अलाइनमेंट, असं स्वच्छ सांगून काम दिलं. बिलात तीन नोंदी होत्या: कॅम्बर बोल्ट २ नग, ते बसवण्याची मजुरी, फोर व्हील अलाइनमेंट. पै न् पै चुकती केली.

सोबत रंगीत प्रिंट मिळाली. पुढचा कॅम्बर आधी उणे २ अंश १० मिनिटं (६० मिनिटं म्हणजे एक अंश), नंतर उणे ४५ मिनिटं. पुढचा टो शून्य. मागचा कॅम्बर आधी उणे १ अंश ५५, नंतर उणे १ अंश २०. "साहेब, सगळं हिरवं आलंय बघा," म्हणजे सगळे आकडे मर्यादेत, असं म्हणत गॅरेजवाल्याने कागद माझ्या हातात दिला.

सगळी चोरी त्या मागच्या चाकांच्या आकड्यात होती. आजही तो कागद बघितला की डोकं फिरतं. माझ्या गाडीला मागे टॉर्शन बीम आहे, म्हणजे मागची दोन्ही चाकं जोडणारा एकच आडवा दांडा. तिथे कॅम्बर फिरवायला बोल्टच नसतो. बदलायचाच तर हबच्या (चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या) मागे शिम, म्हणजे पातळ चकती, घालावी लागते आणि बिलात शिमचं नावही नव्हतं. मग ३५ मिनिटांचा फरक आला कुठून? मशीनचा सेन्सर धरणारा रिमवरचा क्लॅम्प किंचित तिरका बसवला की मशीन हवा तो आकडा दाखवतं, हे मला नंतर एका जुन्या कारागिराने करून दाखवलं. पण काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाने हे ओळखावं तरी कसं? मशीनने छापलेला कागद आहे, हिरवे रकाने आहेत. त्यावर विश्वास ठेवायचा नाही तर कशावर ठेवायचा?

गाडी सरळ जात होती, स्टिअरिंग मध्यावर होतं. यावर अजिबात जाऊ नका. दोन्ही बाजूंचा टो सारखाच बिघडलेला असेल तर गाडी नाकासमोर चालते आणि टायर मात्र संपत राहतात.

काही दिवसांनी चाकांतून घुंईऽऽ असा आवाज यायला लागला. त्याच गॅरेजने बेअरिंग गेल्याचं सांगितलं. २ बेअरिंग बदलली, वेगळी मजुरी घेतली. आवाज होता तसाच. तो बेअरिंगचा नव्हताच, वेडावाकडा झिजलेला टायर गुणगुणत होता.

खरं काय ते दुसऱ्या टायरवाल्याने दाखवलं. स्टिअरिंग पूर्ण वळवून त्याने आतल्या कडेवर बॅटरी मारली. बाहेरच्या बाजूला ६ मिलिमीटर नक्षी शिल्लक आणि आतल्या कडेला तारा उघड्या! बाहेरून नुसतं बघितलं तर टायर ठणठणीत. नक्षीवरून आडवा हात फिरवला तर एका दिशेने गुळगुळीत, उलट दिशेने करवतीसारखी धार. ही खूण टोची. नुसत्या कॅम्बरने टायर इतक्या लवकर संपत नाही.

मग गाडी लिफ्टवर घेतली. टाय रॉडच्या (टो ज्याने फिरवतात त्या दांड्याच्या) लॉकनटवर मातीचा जुना थर, पान्याचा एक ओरखडा नाही. स्ट्रटच्या (पुढच्या शॉक ॲब्सॉर्बरच्या) खाली, जिथे कॅम्बर बोल्ट लागतात तिथे, कंपनीचेच मूळ बोल्ट, कारखान्यातली रंगाची खूणही जागेवर. माझ्याकडून पैसे घेतलेले कॅम्बर बोल्ट गाडीला लागलेच नव्हते. पुन्हा मोजलं तर कॅम्बर तोच, उणे २ अंश १०, आणि टो दर चाकाला अर्धा अंश बाहेर. अर्धा अंश म्हणजे चाक दर किलोमीटरला जवळजवळ नऊ मीटर आडवं घासत जातं.

पहिल्या गॅरेजच्या मालकाचं उत्तर: "लो केलीत ना? मग असंच होणार." साफ खोटं! कॅम्बर थोडा जास्त असला तरी टो नीट असेल तर टायर व्यवस्थित चालतात.

टायर कंपनीच्या तपासणीसाने कड बघून सांगितलं, झीज गाडीच्या दोषामुळे आहे, वॉरंटीत बसत नाही. ठीक आहे, तेवढं मान्य. पण ग्राहक तक्रार कक्षात फोटो, दोन्ही प्रिंट, बिल सगळं दिलं, तर पहिला प्रश्न काय? "गाडीत बदल तुम्हीच केलात ना?" अरे, तक्रार न बसवलेल्या बोल्टची आहे, स्प्रिंगची नाही! मग म्हणे, बोल्ट तेव्हा बसवले नव्हते हे सिद्ध करा. कारखान्याची खूण असलेल्या बोल्टचा फोटो समोर ठेवला, तर तज्ज्ञाचा लेखी अहवाल आणा. अहवाल कुणाचा चालेल विचारलं, तर ते सांगणं आमचं काम नाही. तक्रार "उभयपक्षी वाद" असा शेरा मारून बंद. पोलिसांनी दिवाणी बाब म्हणून दारातूनच परत पाठवलं. बसवलेलीच नाही अशी वस्तू विकणं ही फसवणूक नाही, तर मग काय आहे?

काम चालू असताना तिथेच उभे राहा. आधी कॅम्बर, मग टो, हाच क्रम. उलटा असेल तर थांबवा, कारण कॅम्बर हलवला की टो पुन्हा बदलतो. लॉकनटचा फोटो आधी आणि नंतर काढा. प्रिंटवर गाडीचं मॉडेल तुमचंच आहे ना, बघा. ज्याला ॲडजस्टमेंटच नाही तो आकडा बदललेला दिसला तर तिथेच जाब विचारा. स्प्रिंग थोडी बसल्यावर परत मोजून घ्या, आणि दुसरीकडे. काढलेला प्रत्येक जुना पार्ट ताब्यात घ्या. तो समोर आल्याशिवाय बिल देऊ नका.