सशांची पहिली वीण की नसबंदी केलेली जोडी : निर्णयापूर्वीचा तुलनात्मक आढावा

घरात नर आणि मादी असे दोन ससे असले की 'एकदा पिल्ले होऊ द्यावीत का' हा प्रश्न फार लवकर उभा राहतो, आणि विचार करायला ससे माणसाला पुरेसा वेळ देतातच असे नाही. लहान चणीच्या जातींतील मादी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते. मोठ्या जातींत हेच वय ६ ते ८ महिने असते. गाई-म्हशींसारखा ठरावीक अंतराने येणारा माज सशांच्या मादीला नसतो. नराशी संयोग झाल्यावर साधारण १० ते १२ तासांनी तिचे बीजांड सुटते, म्हणजे संयोगच गर्भधारणेला वाट करून देतो, आणि तो काही सेकंदांत उरकतो. दोघांना 'थोडा वेळ' एकत्र सोडणाऱ्या घरात निर्णय झालेला असतो, फक्त तो माणसांनी घेतलेला नसतो.

म्हणून दोन मार्गांची तुलना ही जोडी एकत्र येण्याआधीच करावी लागते. पहिला मार्ग म्हणजे एक वीण घेणे आणि जन्मलेल्या प्रत्येक पिल्लाची जबाबदारी स्वीकारणे. दुसरा मार्ग म्हणजे दोघांचीही नसबंदी करून त्यांना जोडी म्हणून सांभाळणे, आणि लहान पिल्लाचीच ओढ असेल तर आधीच जन्मलेल्या, घर शोधत असलेल्या एखाद्या सशाला आणणे. बहुतेक घरांसाठी दुसरा मार्ग योग्य आहे असे माझे स्पष्ट मत आहे; पण त्यामागची कारणे नीट तपासल्याशिवाय ते कोणी स्वीकारावे असे मला वाटत नाही.

मादीच्या प्रकृतीचा हिशेब

गाभणकाळ साधारण ३१ दिवसांचा असतो. तो इतका छोटा आहे म्हणून सोपाही असेल, अशी अनेकांची समजूत होते. प्रत्यक्षात या महिन्याच्या अखेरीस, विशेषतः लठ्ठ झालेल्या किंवा अचानक खाणे सोडलेल्या मादीमध्ये, शरीरातील चरबी झपाट्याने मोडू लागते आणि त्यातून होणारी विषबाधा तिला एक-दोन दिवसांत दगावण्यापर्यंत नेऊ शकते. पिल्लू अडणे, व्याल्यानंतर सडांना सूज येऊन कासदाह होणे, वार किंवा मेलेले पिल्लू पोटात राहणे हे धोके त्याशिवाय आहेत. सशांवर उपचार करण्याचा अनुभव असलेला पशुवैद्य रात्री-अपरात्री उपलब्ध होईल का, याचे उत्तर 'नाही' असेल, तर पहिल्या मार्गाचा विचार तिथेच थांबवावा, कारण अडलेल्या मादीला सकाळपर्यंत थांबायला सांगता येत नाही.

नसबंदीलाही धोका आहे आणि तो लपवण्याचे कारण नाही. भूल देण्यातील धोका सशांमध्ये कुत्र्या-मांजरांपेक्षा जास्त असतो. मादीची शस्त्रक्रिया पोट उघडून करावी लागते, ती नराच्या शस्त्रक्रियेपेक्षा मोठी असते. मात्र अनुभवी हातांत आणि तरुण, निरोगी सशामध्ये हा धोका बराच कमी होतो. पशुवैद्याची पारख करायची असेल तर शस्त्रक्रियेआधी सशाला उपाशी ठेवायचे का, एवढेच विचारावे. ससा उलटी करू शकत नाही आणि त्याचे आतडे सतत चालू राहावे लागते, त्यामुळे त्याला उपाशी ठेवायचे नसते; रात्रभर उपाशी ठेवायला सांगणाऱ्या डॉक्टरांकडे सशांचा अनुभव बेताचाच असण्याची शक्यता जास्त. शस्त्रक्रियेनंतर वेदनाशामक औषध मिळणे आणि काही तासांत सशाने पुन्हा खाऊ लागणे या दोन गोष्टींवर पुढचे बरेच काही अवलंबून असते.

या धोक्याच्या समोर जे ठेवायचे, ते म्हणजे गर्भाशयाचा कर्करोग. नसबंदी न केलेल्या मादीमध्ये वय वाढेल तसा त्याचा धोका झपाट्याने वाढतो. काही जातींच्या पाहण्यांत ४ वर्षांपुढील निम्म्याहून अधिक माद्यांमध्ये तो आढळला आहे. आणि 'एकदा व्याली की मादीची प्रकृती सुधारते' या समजुतीला आधार नाही: वीण झालेल्या आणि न झालेल्या अशा दोन्ही प्रकारच्या माद्यांना हा रोग होतो. 'व्याल्यावर ती शांत होईल' ही अपेक्षाही फोल ठरते, कारण जागेवरचा हक्क दाखवणे, गुरगुरणे, चावणे, लघवीने खुणा करणे यांमागची संप्रेरके वीण झाल्याने थांबत नाहीत.

यातून या तुलनेचा माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा निघतो. पहिला मार्ग दुसऱ्याला पर्याय नाही. वीण घेतली तरी मादीची नसबंदी पुढे करावीच लागते, आणि नर-मादी एकत्र राहायचे असतील तर ती लवकरच करावी लागते. म्हणजे पहिला मार्ग निवडणारा माणूस शस्त्रक्रियेचा धोका आणि खर्च टाळत नाही. तो त्यात गाभणकाळ, वीण आणि पिल्लांची भर घालतो.

पिल्लांचे पहिले आठ आठवडे

एका वेतात किती पिल्ले येतील हे जातीवर बरेचसे अवलंबून असते. बुटक्या जातींत दोन ते पाच, मोठ्या जातींत आठ ते बाराही होतात. पिल्ले जन्मतः उघडी, आंधळी आणि स्वतःची ऊब राखू न शकणारी असतात. आठवड्याभरात अंगावर लव येते, साधारण १० ते १२ दिवसांनी डोळे उघडतात आणि तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास ती घरट्याबाहेर डोकावू लागतात. तोवर त्यांचे सारे जगणे घरट्यातील वाळलेले गवत, आईने स्वतःच्या पोटाचे उपटलेले केस आणि एकमेकांची ऊब यांवर चालते.

नवख्या पालकाला सर्वांत जास्त गोंधळात टाकते ते मादीचे दूध पाजण्याचे वेळापत्रक. ती बहुधा दिवसातून एकदाच, तीन ते पाच मिनिटांसाठी, तेही बऱ्याचदा रात्री किंवा पहाटे पिल्लांजवळ जाते आणि उरलेला वेळ त्यांच्यापासून दूर राहते. रानात शिकारी प्राण्यांना बिळाचा सुगावा लागू नये म्हणून तयार झालेली ही सवय आहे. आईने पिल्ले टाकली असे समजून घाबरलेली माणसे तिला बळेच घरट्यात बसवतात किंवा पिल्लांना बाटलीने दूध पाजू लागतात. त्या घाईत दूध श्वासनलिकेत जाऊन पिल्लू दगावण्याची भीती मोठी असते. पिल्लाचे पोट गोल आणि तट्ट दिसत असेल तर त्याला दूध मिळाले आहे. पोट सुरकुतलेले असेल, अंग थंड असेल, तर मात्र मदत लागते, आणि तिचा क्रम आधी ऊब व मग दूध असाच हवा. दिवसातून एकदा घरटे पाहणे, मेलेले पिल्लू बाहेर काढणे आवश्यक आहे. ओळखीच्या माणसाचा हात लागल्याने पाळीव मादी सहसा पिल्ले सोडत नाही. सडाला चिकटून घरट्याबाहेर ओढले गेलेले पिल्लू ती मांजरीप्रमाणे तोंडात धरून परत नेत नाही, ते माणसालाच उचलून ठेवावे लागते.

पहिलटकर मादी घरट्याबाहेर, पिंजऱ्याच्या जाळीवर पिल्ले टाकू शकते, केस उपटायला उशीर करू शकते, क्वचित पिल्ले खाऊही शकते. पहिल्या वेतातील काही किंवा सगळी पिल्ले जाणे ही असामान्य गोष्ट नाही. 'मुलांना जन्माचा सोहळा पाहायला मिळावा' हे वीण घेण्याचे कारण अनेकदा सांगितले जाते, आणि त्यामागची भावना मी समजू शकतो. पण मादी सहसा पहाटे, अर्ध्या तासाच्या आत व्याते, तिला त्या वेळी माणसांची गर्दी नको असते, आणि नंतरचे बरेच दिवस पिल्ले केसांच्या गादीखाली दडलेली असतात. मुलांनी पाहण्याजोगे पहिल्या दोन आठवड्यांत थोडे, आणि त्यात मेलेली पिल्लेही असू शकतात.

त्यानंतरचा नाजूक टप्पा दूध तुटण्याचा. पिल्ले तिसऱ्या आठवड्यापासून गवत चघळू लागतात, पण त्यांना ६ ते ८ आठवड्यांपर्यंत आईजवळ ठेवावे. दूध कमी होऊन आतड्यात नवे जिवाणू स्थिरावत असताना हगवण आणि कॉक्सिडिया नावाच्या परजीवीचा प्रादुर्भाव फार लवकर जीव घेतो. याच काळात पिल्ले सर्वांत गोंडस दिसतात, म्हणून नेमकी याच वेळी, पाचव्या-सहाव्या आठवड्यात, ती दुसऱ्या घरी, दुसऱ्या आहारावर पाठवण्याची चूक होते.

नसबंदी केलेल्या जोडीच्या बाजूने इथे सांगण्यासारखे थोडकेच आहे: यातले काहीच करावे लागत नाही. नर शस्त्रक्रियेनंतरही सुमारे ६ आठवडे प्रजननक्षम राहू शकतो, तेवढा काळ दोघांना वेगळे ठेवणे आणि मग तटस्थ जागेत हळूहळू ओळख करून देणे, एवढे काम असते. जुळलेली जोडी एकमेकांना चाटत, अंगाला अंग लावून बसते. ज्यांना सशांचा प्रेमळपणा पाहायचा आहे त्यांना तो इथे पुढची कित्येक वर्षे दिसतो.

जागा, घरे आणि वंश

सहा पिल्लांचे एक वेत धरून चालू. १० ते १२ आठवड्यांच्या सुमारास नर आणि माद्या वेगळ्या कराव्या लागतात, नाहीतर भावंडांतच पुढची वीण सुरू होते. वयात आलेले नर एकमेकांना गंभीर जखमा करतात, त्यामुळे तीन नर असतील तर लवकरच तीन वेगळ्या जागा लागू शकतात. चांगली काळजी घेतलेला ससा ८ ते १२ वर्षे जगतो. पिल्लाला घर देणे म्हणजे एवढ्या वर्षांसाठी कोणाला तरी बांधून घेणे आहे, आणि 'आम्हाला एक द्या' असे सहज म्हणणाऱ्या माणसाच्या मनात बहुधा तेवढा काळ नसतो. होकार मादी गाभण राहण्यापूर्वी घ्यावेत, माणसांचे घर पाहून घ्यावेत, आणि पिल्लू परत आले तर ते ठेवून घेण्याची तयारी ठेवावी. मोकळ्या माळावर सोडून देणे हा पर्यायच नाही. पाळीव ससा तिथे भुकेने, कुत्र्यांमुळे किंवा रोगाने मरतो.

वंशाचा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. एकाच दुकानातून एकाच दिवशी आणलेली जोडी सख्खी भावंडे असू शकते. सशाचे दात आयुष्यभर वाढतात, आणि जबड्याची सदोष ठेवण आनुवंशिक असेल तर पिल्लाला जन्मभर दात कापून घ्यावे लागतात; चपट्या तोंडाच्या बुटक्या जातींत हा दोष अधिक दिसतो. बुटकेपणाचे जनुक दोन्ही बाजूंनी मिळालेले पिल्लू जगत नाही, त्यामुळे दोन अस्सल बुटक्या सशांच्या वेतात सरासरी चौथा हिस्सा जन्मतःच गमावलेला असतो. ठिपकेदार रंगाच्या दोन सशांच्या पिल्लांपैकी जवळजवळ पांढरी निपजणारी काही पिल्ले मोठ्या आतड्याच्या कायमच्या विकाराने त्रासतात. आई-वडिलांचा इतिहास माहीत नसेल तर हे सारे नशिबावर सोडणे होते, आणि त्याची किंमत पिल्लू मोजते.

यावरून पहिला मार्ग कोणासाठी आहे तेही सांगता येते. दोन्ही सशांचा वंश ज्ञात आहे, दात, कान, जननेंद्रिये आणि श्वसन पशुवैद्याने तपासले आहे, मादी पूर्ण वाढलेली पण लठ्ठ नाही, सगळ्या पिल्लांना पुरेल इतकी जागा आहे आणि घरे आधी ठरली आहेत, शिवाय जाणत्या ससेपालकाचे मार्गदर्शन मिळते आहे: अशा माणसाने विचारपूर्वक एक वीण घेतली तर तिला बेजबाबदार म्हणता येणार नाही. त्याने मादीला नराच्या जागेत न्यावे, नराला मादीच्या जागेत आणू नये, कारण ती आपल्या हद्दीत त्याच्यावर हल्ला करते. आणि संयोग होताच दोघांना वेगळे करावे. यांतील एक-दोन अटी जरी पुऱ्या होत नसल्या, तरी नसबंदीकडेच वळावे.

जोडी आधीच एकत्र राहिली असेल तर

बऱ्याच वाचकांची स्थिती हीच असेल, कारण लहान सशांचे लिंग ओळखण्यात चुका सर्रास होतात आणि दोन 'बहिणीं'पैकी एक नर निघतो. अशा वेळी नराला त्याच दिवशी वेगळे करावे, कारण मादी व्याल्यानंतर काही तासांतच पुन्हा गाभण राहू शकते आणि मग एक वेत अंगावर पीत असताना दुसरे पोटात वाढते. एकत्र राहिल्याचा शेवटचा दिवस लिहून ठेवावा. साधारण १० ते १४ दिवसांनी अनुभवी पशुवैद्य पोट चाचपून गर्भ ओळखू शकतो. मालकाने स्वतः पोट दाबून पाहू नये. गर्भ अगदी सुरुवातीचा असेल तर नसबंदी त्याच वेळी करता येईल का, हेही त्या भेटीत विचारावे. सोळाव्या-अठराव्या दिवशीच मादी गवत गोळा करून केस उपटू लागली तर ते खोटे गाभणपण असण्याची शक्यता असते. खरोखर गाभण असेल तर आहारात लसूणघास आणि गोळीखाद्य हळूहळू वाढवावे, वाळलेले गवत आणि पाणी कधी कमी पडू देऊ नये, आणि २८ व्या दिवशी मादीला आत आरामात वळता येईल एवढी, मऊ वाळलेल्या गवताने भरलेली पेटी तिच्या जागेत ठेवावी. तिने एक दिवस जरी खाणे सोडले, कळा देऊनही पिल्लू बाहेर येत नसेल, किंवा संयोगाची तारीख नक्की असून ३३-३४ दिवस उलटले, तर वाट न पाहता तिला पशुवैद्याकडे न्यावे.